मारण्याजोगा चेंडू

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी आयुष्यभर क्रिकेट खेळलो. सांगलीकडच्या मैदानांवर, मॅटिंगच्या विकेटवर, क्लबाच्या संघातून तीस वर्षं. फार मोठा खेळाडू नव्हतो, पण बॅट कशी धरायची हे आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत होती. त्या समजुतीपायी मी माझ्या नातवाचं एका हंगामात बरंच नुकसान केलं. आज बोलायचं आहे ते बेसबॉलमधल्या फटकेबाजीबद्दल. माझ्यासारख्याने या विषयावर का बोलावं, असं तुम्हाला वाटेल. पण आपल्याकडच्या कितीतरी आजी-आजोबांची नातवंडं आज अमेरिकेत हा खेळ खेळतात, आणि आपल्याकडेही शालेय स्पर्धांमध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉल खेळणारी मुलं-मुली आहेत. त्यांना चार गोष्टी उपयोगी पडतील. शिवाय, काय सांगू नये हे मला जरा जास्तच चांगलं ठाऊक आहे.

२०२३च्या एप्रिलमध्ये मी मुलाकडे न्यू जर्सीला गेलो. नातू तेव्हा बारा वर्षांचा. गावातल्या मुलांच्या संघातून खेळायचा. पळायला चपळ, झेल उत्तम, पण बॅट हातात घेतली की काही जमत नव्हतं. मुलगा मला विमानतळावरून घरी नेताना सहज म्हणाला, "बाबा, आता तुम्ही आलाच आहात तर त्याला जरा बॅटिंग शिकवा." तो गमतीने म्हणाला असावा. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोराला घेऊन अंगणात उतरलो.

मी त्याला तीन गोष्टी शिकवल्या. पहिली, चेंडू जमिनीलगत खेळ, उचलून मारू नकोस. दुसरी, सुरुवातीला नजर बसू दे, नुसता चेंडू अडव. तिसरी, बॅट सरळ येऊ दे, डावं कोपर वर. क्रिकेटमध्ये या तिन्ही गोष्टींवर शंभर वर्षं फलंदाज घडले. बेसबॉलमध्ये या तिन्ही चुकीच्या आहेत. कशा, ते सांगतो.

जमिनीलगतचा फटका क्रिकेटमध्ये सुरक्षित, कारण झेल जात नाही. बेसबॉलमध्ये चेंडू जमिनीवरून गेला की क्षेत्ररक्षक तो उचलून सरळ पहिल्या बेसवर फेकतो, आणि फेक तुमच्याआधी पोहोचली की तुम्ही बाद. बारा वर्षांच्या मुलांच्या मैदानावर पहिला बेस अवघ्या ६० फुटांवर असतो, तरी माणसापेक्षा चेंडू लवकर पोहोचतो. अडवण्याचं म्हणाल, तर अडवून करायचं काय? चांगला चेंडू सोडला तर एक स्ट्राइक, मारायला जाऊन चुकलात तर एक स्ट्राइक, आणि तीन स्ट्राइक झाल्या की घरी. दिवसभर खेळपट्टीवर उभं राहायची सोय या खेळात नाही. आणि सरळ बॅट! आपली बॅट सव्वाचार इंच रुंद आणि सपाट. यांची गोल, जाड भागातसुद्धा पावणेतीन इंचांहून कमी. सपाट फळीवर चेंडू थोडा इकडेतिकडे लागला तरी चालतो. गोल बॅटीवर काही मिलिमीटर वर लागला की उंच उडतो, काही मिलिमीटर खाली लागला की जमिनीत आपटतो. त्यातून मैदान म्हणजे समोरचा फक्त काटकोन. आपला नाजूक लेट कट तिथे फाऊल.

नातू आज्ञाधारक. मी सांगितलं तसं त्याने केलं. आधी निदान कधीतरी चेंडू उडायचा, आता प्रत्येक चेंडू घरंगळत पहिल्या क्षेत्ररक्षकाच्या हातात जाऊ लागला. मी लाकडी बाकांवर बसून मोठ्याने मराठीत सूचना देत होतो. बाकीचे पालक माझ्याकडे कौतुकाने बघतात असं मला वाटत होतं. तिसऱ्या सामन्यात तो तीनदा बॅटिंगला आला आणि तीनदा बाद झाला. घरी जाताना गाडीत मागच्या सीटवर हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. मी म्हटलं, "अरे, कोपर खाली येतंय तुझं." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आबा, मला आता जायचं नाही. पुढच्या शनिवारी नको." पुढे घरापर्यंत कोणी बोललं नाही.

मुलाने मला एका शब्दाने दुखावलं नाही, पण रात्री सून म्हणाली, "बाबा, गेल्या वर्षी बॉल बरगडीला लागल्यापासून तो असाच आहे." हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नातू उजव्या हाताने खेळतो. चेंडू येताना त्याचा डावा पाय समोर पिचरच्या दिशेने पडायच्या ऐवजी बाहेर, तिसऱ्या बेसच्या बाजूला पडायचा. अंग चेंडूपासून लांब जायचं, आणि मग बॅट बाहेरच्या चेंडूपर्यंत पोहोचायचीच नाही. सगळे त्याला सांगत होते, "पाय बाहेर काढू नकोस." पाय थोडाच चुकत होता? पोरगं घाबरत होतं.

संघाचे कोच साठीचे गृहस्थ होते, स्वतःचं दुकान सांभाळून हौसेने मुलांना शिकवणारे. मी त्यांना गाठून माझा अपराध सांगितला. ते हसले नाहीत. त्यांनी पहिल्यांदा मला सामना चालू असताना ओरडायचं बंद करायला सांगितलं. चेंडू येत असताना मुलाच्या कानात दोन आवाज असले तर त्याचं लक्ष कुठे राहणार? मग त्यांनी आम्हाला एक व्यायाम दिला. टेनिसचा चेंडू घ्यायचा आणि हळू, मुद्दाम मुलाच्या अंगावर टाकायचा. मुलाने मारायचा नाही. छाती चेंडूकडे उघडी न टाकता खांदा आत वळवायचा, हनुवटी खाली, पाठ चेंडूकडे. लागला तर पाठीच्या मांसल भागावर लागतो. असे वीस चेंडू रोज. चौथ्या-पाचव्या दिवशी नातू हसत हसत पाठीवर चेंडू झेलायला लागला. आठवड्याने त्याचा डावा पाय आपोआप सरळ पडू लागला. तुमच्या घरातल्या मुलाचा पाय असा पळत असेल, तर त्याला पायाबद्दल काही बोलू नका. चेंडू कधी लागला होता का, ते विचारा.

त्याच कोचनी मला टेड विल्यम्सचं पुस्तक वाचायला दिलं. बॉस्टन रेड सॉक्सचा हा खेळाडू. १९४१ साली त्याने ४५६ वेळा बॅटिंग करून १८५ हिट मारल्या, म्हणजे सरासरी .४०६. बेसबॉलमध्ये दहापैकी तीनदा हिट मारणारा मोठा खेळाडू समजला जातो, म्हणून चारशेच्या वर जाणं किती अवघड ते लक्षात येईल. अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगमध्ये त्यानंतर आजवर ते कोणाला जमलेलं नाही. (काळ्या खेळाडूंना त्या काळी वेगळ्या लीगमध्ये खेळावं लागे. त्यांचे आकडे २०२४ साली अधिकृत नोंदींत धरले गेले, आणि जॉश गिब्सनची १९४३ची .४६६ ही सरासरी सर्वांच्या वर जाऊन बसली. उशिरा का होईना, झालं.) विल्यम्सची हंगामाच्या शेवटच्या दिवशी सकाळी सरासरी होती .३९९५५. कागदावर ती .४०० धरली गेली असती. मॅनेजरने हवं तर बस म्हणून मुभा दिली. तो त्या दिवशीचे दोन्ही सामने खेळला आणि ८ पैकी ६ हिट मारल्या.

ही गोष्ट सगळे सांगतात. मला मात्र त्याच हंगामातले दुसरे दोन आकडे जास्त बोलके वाटले. त्या वर्षी तो स्ट्राइकआऊट झाला फक्त २७ वेळा, आणि त्याला वॉक मिळाले १४७. वॉक म्हणजे काय? पिचरचा चेंडू होम प्लेटच्या वरून, साधारण गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या चौकटीतून गेला तर ती स्ट्राइक. चौकटीबाहेर गेला आणि तुम्ही बॅट फिरवली नाही, तर तो 'बॉल'. असे चार बॉल झाले की तुम्ही न मारता चालत पहिल्या बेसवर जाता. म्हणजे इतका मोठा फटकेबाज १४७ वेळा नुसता शांत उभा राहून बेसवर गेला!

विल्यम्सने आपल्या पुस्तकात ती चौकट चेंडूंनी भरून दाखवली आहे. आडवे ७, उभे ११, एकूण ७७ चेंडू. प्रत्येक चेंडूवर आकडा, तिथे चेंडू आला तर आपली सरासरी किती राहील याचा त्याचा स्वतःचा अंदाज. मधल्या भागात .४००, आणि बाहेरच्या बाजूला खाली कोपऱ्यात .२३०. एवढा थोर माणूस, आणि तो उघड सांगतो की या कोपऱ्यात मीही सामान्य आहे. म्हणून त्याचा पहिला धडा बॅट कशी फिरवायची हा नाहीच. मारण्याजोगा चेंडू मिळेपर्यंत थांबायचं, हा आहे.

हे वाचून मी एक वही केली. पुढचे तीन सामने तोंड बंद ठेवून बाकावर बसलो आणि नातवाने बॅट फिरवलेल्या प्रत्येक चेंडूची नोंद केली. चौकटीत होता की बाहेर, एवढंच. निम्म्याहून अधिक वेळा तो चौकटीबाहेरच्या चेंडूवर बॅट फिरवत होता. डोळ्यांसमोरून उंच जाणारे, बाहेर जमिनीलगत जाणारे. विल्यम्सलाही ते लागले नसते. आणि आम्ही सगळे त्याचं कोपर बघत बसलो होतो.

यात मुलाचा दोष किती, तेही बघितलं पाहिजे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या बेसबॉलमध्ये पिचर ४६ फुटांवर उभा असतो. ताशी ६० मैलांनी टाकणारी पोरं असतात. चेंडू यायला फार तर अर्धा सेकंद. मोठ्यांच्या खेळात अंतर ६० फूट ६ इंच आणि वेग ९५ मैल, तिथे सुमारे ०.४ सेकंद. त्यातला बराच वेळ बॅट फिरवण्यात जातो. म्हणजे मारायचं की सोडायचं हे ठरवायला उरतो सेकंदाचा चौथा भाग, कधी त्याहून कमी. इतक्या वेळात विचार होत नाही. तो आधी होऊन तयार असावा लागतो.

त्यासाठीचा सराव सोपा आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. मुलगा बॅट घेऊन उभा राहतो, कोणीतरी चेंडू टाकतं, आणि मुलाने बॅट न फिरवता फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं, चेंडू हाताशी यायच्या आत. मी जाळीमागे बसून अंपायर व्हायचो. पहिल्या दिवशी आमची खूप भांडणं झाली. नंतर त्याची हाक लवकर यायला लागली आणि बरोबरही. संघातला दुसरा पिचर सराव करत असेल तेव्हा शेजारी उभं राहून हेच करता येतं. आपली पाळी यायच्या आधी, डगआऊटजवळ उभं असताना गप्पा मारण्यापेक्षा पिचरचा हात कुठून सुटतो ते बघावं. चेंडू शोधायचा तो तिथेच, त्याच्या हाताजवळ, वाटेत नाही.

राहिली बॅट फिरवण्याची गोष्ट. तीही सांगतो, पण थोडक्यात. बॅट मुळात हलकी घ्या. थोरल्या भावाची जड बॅट वारशाने आली असेल तर माळ्यावर टाका. एका हातात बॅट धरून हात बाजूला ताणला आणि वीसेक सेकंद थरथर झाली नाही, तर ती बॅट पेलते. पकड तळहातात घट्ट नको, बोटांत हवी, लाकूड फोडताना कुऱ्हाड धरतो तशी. आणि ताकद हातांतून येत नाही. आपल्याकडे शेतात पाखरं हाकायला गोफण फिरवणारा माणूस आठवा. आधी कंबर वळते, मग खांदा, हात मागून येतो, दगड सगळ्यात शेवटी. फटका तसाच. शिवाय पिचर दहा इंच उंचवट्यावरून टाकतो, चेंडू उतरत येतो. म्हणून बॅट किंचित चढत्या रेषेत गेली तर चेंडूच्या वाटेवर ती जास्त वेळ राहते. 'वरून खाली आपटून मार' असं शिकवणारे तिथेही पुष्कळ होते, विल्यम्स त्यांच्याशी वाद घालत असे. मी त्याच्या बाजूचा आहे, पण आता माझ्या मताला कोण विचारतो!

हे सगळं घटवायचं साधन म्हणजे टी. कमरेइतक्या उंचीची एक रबरी नळी, तिच्यावर चेंडू ठेवायचा आणि मारायचा. मुलांना वाटतं हे बाळांचं काम. सॅन डिएगोचा टोनी ग्विन मोठ्या लीगमध्ये २० हंगाम खेळला, ३१४१ हिट मारल्या, ८ वेळा सरासरीत पहिला आला, आणि तोही टीवर मारत असे. डावखुरा होता. तिसरा बेस आणि शॉर्टस्टॉप यांच्यामधल्या फटीतून चेंडू काढणं ही त्याची खासियत. १९८३ साली खेळ बिघडला तेव्हा त्याने बायकोला घरच्या व्हीसीआरवर आपले सामने टेप करून ठेवायला सांगितलं, आणि मग स्वतःची बॅटिंग बघत बसण्याची त्याला सवयच लागली. ९२८८ वेळा बॅटिंग करून हा माणूस फक्त ४३४ वेळा स्ट्राइकआऊट झाला. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. पण एक काळजी घ्या. मुलाच्या चुकांचीच चित्रफीत दाखवू नका. एखादा फटका नीट बसला असेल तो दाखवा. पुन्हा करायचं असतं ते तेच. माझ्या सुनेने हे न सांगता केलं होतं. तिच्या फोनमध्ये नातवाच्या आदल्या वर्षीच्या दोन सुंदर हिट होत्या, बरगडीला चेंडू लागायच्या आधीच्या. त्याने त्या इतक्या वेळा बघितल्या की मलाही पाठ झाल्या.

आपल्या शाळांमध्ये खेळणाऱ्या मुलांना एक सांगतो. टी विकत मिळाली नाही तर लाकडी पाटावर दांडा ठोका आणि त्याच्यावर रबरी नळीचा तुकडा बसवा. टेनिसच्या जुन्या चेंडूंवर शाईने १ ते ९ आकडे लिहा आणि चेंडू टाकल्यावर आकडा ओळखायला लावा. प्रत्येक वेळी ओळखता येणार नाही, पण बघायची सवय लागते. सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींनी लक्षात ठेवायचं ते इतकंच, की तिथे चेंडू खालून सुटतो आणि अंतर कमी असतं. 'हो-नाही'चा सराव त्यांना उलट जास्त हवा. आणि हेल्मेट, सरावालासुद्धा.

आता अपयशाबद्दल. क्रिकेटचा फलंदाज शून्यावर बाद झाला तर त्याला आठवडाभर तोंड लपवावंसं वाटतं. बेसबॉलमध्ये उत्तम खेळाडूही दहापैकी सात वेळा अपयशी ठरतो. विली मेज १९५१ साली न्यूयॉर्क जायंट्सकडे आला तेव्हा वीस वर्षांचा होता. पहिल्या २६ वेळांत त्याला फक्त एक हिट मिळाली. पोरगा रडला आणि मॅनेजर लिओ ड्युरोशरला म्हणाला, मला परत पाठवा. ड्युरोशर जिभेने तिखट माणूस, पण त्याने त्या वेळी बॅटिंगबद्दल धडा दिला नाही. मी इथे मॅनेजर आहे तोवर मधलं मैदान तुझंच, अशा अर्थाचं काहीतरी सांगितलं. मेज त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि पुढे ६६० होमरन मारून गेला. हे वाचलं तेव्हा मला गाडीतलं माझं वाक्य आठवलं. कोपर खाली येतंय तुझं.

मी नातवाची माफी मागितली. बारा वर्षांच्या मुलाची माफी मागायला आपल्या पिढीला जड जातं, खोटं कशाला बोलू. तो म्हणाला, "इट्स ओके, आबा," आणि चेंडूंची पिशवी घेऊन बाहेर गेला. मग मीही गेलो.

जूनच्या मध्यावर मी परत यायच्या आधीचा शेवटचा सामना. पहिल्यांदा तो स्ट्राइकआऊट झाला. पण तिसरा चेंडू चौकटीच्या अगदी कडेवर होता, तो बाहेर समजून त्याने सोडला होता. मी वहीत 'ठीक' लिहिलं. दुसऱ्यांदा तीन बॉल, दोन स्ट्राइक झाल्या, पुढचे दोन चेंडू त्याने फाऊल मारले, आणि मग आलेला उंच चेंडू, जो महिन्यापूर्वी त्याने हमखास मारायला घेतला असता, तो सोडून वॉक घेतला. बॅट खाली ठेवून पहिल्या बेसकडे धावला. तिसऱ्यांदा पहिलाच चेंडू मधोमध आला. बॅट अशी फिरली, आवाज असा आला की मी उभा राहिलो. चेंडू सणसणीत गेला आणि सरळ शॉर्टस्टॉपच्या हातमोज्यात बसला. बाद. धावफलकाच्या हिशोबात त्या दिवशी त्याची एकही हिट नाही.

तो डगआऊटकडे परत येताना जाळीपाशी थांबला. "आबा, तो बॉल चांगला होता ना?"

"चांगला होता," मी म्हटलं, आणि वही जाळीला लावून त्याला दाखवली.